चढ, गिअर आणि पाकीट
चांदबिबी महालाचा चढ छातीवर आला की नगरकराला आपली सायकल जुनी वाटू लागते. पोट सुटलंय असं कुणी म्हणत नाही. परवा आमच्या एका मित्रानं सात गिअरच्या रोड बाइकला अकरा गिअर बसवायचा घाट घातला. मिस्त्रीनं समजावलं, जुन्या हबवर फ्रीव्हील आट्यांनी बसतं, अकरा गिअरची कॅसेट त्यावर चढतच नाही. म्हणजे मागचं चाक नवं. पाठोपाठ शिफ्टर, डिरेल्युअर, चेनही. ही खोगीरभरती कशासाठी? टायर, ब्रेकपॅड, सीट खुशाल बदला. गिअरचा अख्खा संच बदलायचा असेल तर सरळ नवी सायकल घ्या, आणि फ्रेमच मापाची नसेल तर जुनीवर एक रुपयाही घालू नका.