आधी मालकाला पकडा

जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला एका रिक्षात अकरा वर्षांच्या पोरावर पिटबुल धावून गेला, त्याला चावला. पोर किंचाळत होतं आणि कुत्र्याचा मालक हसत होता. व्हिडिओ देशभर फिरला. असं काही घडलं की एकच ओरड होते, या जातीवर बंदी घाला. मला त्या व्हिडिओत सगळ्यात हिंस्र दिसला तो हसणारा माणूस. त्याला जन्मात पुन्हा कुत्रा पाळू देऊ नका, ही मागणी मात्र मी कुठे ऐकली नाही.

जातींची यादी करणं सोपं असतं, म्हणून सरकारांना ती आवडते. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र धाडलं: तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि घराघरांत आहेत त्यांची नसबंदी करा. त्या यादीत टोसा ही एकच जात दोनदा आली होती. 'टेरियर' म्हणून अख्खा गटच घातला होता, म्हणजे मांडीवर मावणारा जॅक रसेलही त्यात आला. माणसांच्या जिवाशी संबंध असलेला कागद इतक्या निष्काळजीपणे लिहिला जातो, याची मला चीड येते. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही.

पण पिटबुल म्हणजे गरीब गाय, असं सांगत फिरणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. २०२२ च्या जुलैत लखनऊमध्ये पिटबुलने घरातल्याच वृद्ध बाईंचा जीव घेतला. इंग्लंडमध्ये १८३५ साली बैल-अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या. पिटबुलचे पूर्वज त्या झुंजींसाठी पैदा केलेले. पॉमेरियन चावला तर मलमपट्टीवर भागतं, रॉटवायलर चावला तर ऑपरेशन टेबल गाठावं लागतं. ताकदीतला हा फरक नाकारणारा माणूस शेजाऱ्यांच्या पोरांच्या जिवाशी खेळतो आहे.

स्वभावाचं मात्र वेगळं आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडला तो सुमारे ९ टक्के. बदनामी तर फिरतीच असते. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये जर्मन शेफर्डची आयात बंद केली आणि ती बंदी सत्तरच्या दशकापर्यंत चालवली, त्याच कुत्र्याला जगभरचे पोलीस साखळीला धरून फिरवतात. ब्रिटनने १९९१ मध्ये पिटबुलसह चार जातींवर कायदा केला. मग एक्सएल बुली आला, त्याने माणसं मारली, आणि २०२३ च्या अखेरीस यादीत पाचवं नाव वाढलं. नेदरलँड्सने पिटबुलबंदी २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झालेच नव्हते.

कुत्रा बिघडतो तो आपल्या अंगणात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये आणि ब्रीडरने नोंदणी करावी, असा नियम २०१७ पासून आहे. तरी डोळे जेमतेम उघडलेली पिल्लं मोबाइलवर फोटो दाखवून विकली जातात. मग ते पिल्लू बारा महिने साखळीला, माणसांची सवय नाही, फिरवणं नाही, कान ब्लेडने कापलेले, आणि पाहुणा आला की त्याच्यावर भुंकवून दाखवायचं. आपली भाईगिरी मिरवायला ज्याने हे जनावर घेतलं, त्याला ते चावरंच हवं असतं. ती जात यादीत गेली की तो दुसरी आणेल.

आणि अशा माणसाला धाक कशाचा? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पिल्लू या दंडाच्या कितीतरी पट किमतीला घेतलेलं असतं. मुंबईत २०१० मध्ये रॉटवायलरने एका वृद्धाला फाडलं, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये. तेरा वर्षं!

भारी अंगाचा कुत्रा पाळायचा तर परवाना घ्यावा लागला पाहिजे, रस्त्यावर तोंडाला मझल हवंच, विमा हवा. चावला तर दवाखान्याचा प्रत्येक रुपया मालकाच्या खिशातून वसूल व्हावा, आणि मुद्दाम अंगावर सोडला तर तो मालक त्याच रात्री कोठडीत असावा.