अडीचशे पिले मोजली कोणी?

वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून आपली दिवाळी सुरू होते. पोळ्याला बैलाच्या मुखी पुरणपोळीचा घास गेल्यावाचून आमच्याकडे कोणी जेवायला बसत नाही, आणि मारुतीच्या देवळावाचून गाव नाही. अशा मुलखात, बाबांनो, जनावरांविषयी खोटे बोलू नका, असे सांगण्याची पाळी यावी याची मला खंत वाटते. ऐन सणात, फराळाचे ताट पुढ्यात असताना, वाचकांशी भांडण उकरून काढू नये, हेही मला कळते. पण हे भांडण मुळात माझे माझ्याशीच आहे, म्हणून काढतो.

२०२१ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या परभणी जिल्ह्याच्या पाथरीकडून गोदावरी ओलांडली की बीडचा माजलगाव तालुका लागतो. तिथल्या लऊळ गावी वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर आणि घरांवर नेतात व ती वरून पडून मरतात, अशी बातमी आली. चार दिवसांत त्या बातमीला शिंगे फुटली. कुत्र्यांनी म्हणे वानराचे पिलू मारले होते, त्याचा हा सूड! अडीचशे पिले मारली, गावात औषधालाही पिलू उरले नाही! पुढे तर त्याला टोळीयुद्ध असे नाव मिळाले आणि आमच्या शेजारचे ते गाव विलायत-अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत झळकले. लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना वानर आणि माकड यांतला भेदही ठाऊक नव्हता. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लाल तोंडाचे ते माकड, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. अखेर वनखात्याच्या नागपूरच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली आणि बातमी निकालात निघाली.

ती बातमी मी माझ्या वर्गात वाचून दाखवली. वाचून कसली, रंगवून सांगितली! मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा ती खोड हाडातच आहे. मेलेल्या पिलाशेजारी बसलेली वानरी, तिच्या डोळ्यांतला अंगार, हुप्प्याने घेतलेली शपथ, हे सारे मी पदरचे घातले. पोरे श्वास रोखून ऐकत होती. मास्तराला याहून काय हवे?

तिसऱ्या दिवशी आमच्या गावच्या चिंचेवर वानरांचा कळप उतरला. दरसाल उतरतो. पोरांनी वरातीतले उरलेले सुतळी बॉम्ब लावले, गलोली काढल्या. पोटाशी पिलू धरलेली एक वानरी गोठ्याच्या पत्र्यावरून घसरली आणि पिलू खाली फरशीवर आपटले. ते संध्याकाळपर्यंत जगले. पुढे दोन दिवस ती वानरी ते मेलेले पिलू पोटाशी धरून हिंडत होती. तिला काय वाटत होते, हे मी लिहिणार नाही. मी पाहिले ते इतकेच.

त्यानंतरच्या सोमवारी वर्गातली एक मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंड उघडत नाही. म्हणाली, "गुरुजी, ती अडीचशे पिले मोजली कोणी?"

मी मॅट्रिकपुरता शिकलेला माणूस. पण त्रैराशिक मला येते. फळ्यावर हिशेब मांडला. कुत्रीच्या एका वेताला पाच पिले धरली तर अडीचशे पिलांसाठी पन्नास कुत्र्या व्यायला हव्यात, त्याही एका गावात आणि एकाच सुमारास. पोरांना आपल्या गावातल्या व्यालेल्या कुत्र्या मोजून आणायला सांगितल्या. त्या सात निघाल्या. वानरांनी लऊळला पिले उचलली हे खरे, त्यांतली कित्येक दगावली हेही खरे. पण 'अडीचशे' हा आकडा आणि 'सूड' हा शब्द या दोन्ही गोष्टी वानरांच्या नव्हत, माणसांच्या आहेत.

जनावराच्या मनात काय आहे हे पाहताक्षणी आपल्याला कळते, हा गर्व फार जुना आहे आणि तो शिकलेल्यांतही कमी नाही. दारी नंदीबैल येतो. धनी विचारतो, पाऊस पडेल का, आणि बैल मान डोलावतो. आपण हसतो, पसाभर धान्य घालतो. कारण बैलाला पंचांग कळत नसून धन्याची खूण कळते, हे आपल्याला ठाऊक असते. पण असाच एक घोडा बर्लिनला होता. त्याचा धनी फॉन ऑस्टेन नावाचा शाळामास्तर, माझाच जातभाई. बेरीज-वजाबाकी विचारली की घोडा टाप आपटून उत्तर देई. १९०४ साली जाणत्यांची समिती बसली; तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने साधी युक्ती केली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, अशी व्यवस्था केली, आणि घोड्याचे गणित संपले. उत्तर जवळ आले की माणसाच्या मानेत, चेहऱ्यात नकळत जो बारीक फरक पडतो, तो घोडा टिपत होता. आता सांगा, घोडा ठोंब्या ठरला काय? माणसाला स्वतःच्या मानेची जी हालचाल कळत नव्हती ती त्याला कळत होती! १९०७ साली फुंग्स्टने हे सारे लिहून काढले, तेव्हा घोड्याच्या खोट्या बुद्धीच्या जागी त्याची खरी बुद्धी दिसली.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ काय चुकत नाहीत? चुकतात, चांगले सपशेल चुकतात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली एका कृत्रिम टेकडीवर शंभराच्या आसपास हमाद्रियास बबून सोडले. ते जवळजवळ सगळे नर होते. १९२७ साली त्यांत आणखी तीस माद्या घातल्या. माद्यांसाठी अशी रणे माजली की बहुतेक माद्या त्या ओढाताणीतच मेल्या. सॉली झुकरमन यांनी ते पाहिले आणि १९३२ साली पुस्तक लिहिले. माकडांच्या समाजाचा पाया म्हणजे ही कामवासना आणि दांडगाई, असा समज त्यातून पसरला. पुढे १९६० नंतर हान्स कुमर इथिओपियाच्या उजाड डोंगरांत त्याच बबूनांच्या मागे हिंडले. तिथे एकेक नर आपल्या ठरलेल्या माद्यांसह नांदतो, आणि दुसऱ्याच्या संसारात सहसा हात घालत नाही, असे त्यांना दिसले. तुरुंगात कोंडलेले कैदी पाहून गावाचा स्वभाव सांगावा, तसे पहिले पुस्तक होते.

लांडग्याचीही हीच तऱ्हा. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या परक्या लांडग्यांची भांडणे पाहून कळपाचा एक दांडगा म्होरक्या असतो, असे शास्त्र झाले. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर नेले. पुढे तेच मीच उत्तर ध्रुवाकडच्या बेटावर अनेक उन्हाळे रानच्या लांडग्यांजवळ राहिले आणि १९९९ साली त्यांनी लिहिले की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरे. म्होरक्या म्हणजे नुसता बाप! स्वतःचे गाजलेले मत स्वतःच मोडणे कादंबरीकाराला तरी जमत नाही. म्हणूनच या लोकांपुढे माझे डोके नमते.

आता आपल्या वानरांकडे येतो. १९६२ साली धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने पाहिले की कळपात नवा हुप्प्या घुसला की तो अंगावरची पिले मारतो. काहींनी म्हटले, ही गर्दीने आलेली विकृती. सारा हर्डी १९७१ पासून अबूच्या डोंगरावर वानरे पाहत होत्या. त्यांनी मांडले की ही विकृती नव्हे; पिलू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याचा वंश चालतो. वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर नेपाळातल्या रामनगरच्या वानरांच्या रक्तसंबंधाची रासायनिक तपासणी होऊन १९९९ साली निकाल छापला गेला: मारणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते. एका प्रश्नाच्या उत्तराला सदतीस वर्षे! आणि आम्ही लऊळचा निवाडा चार दिवसांत केला.

त्याच वानरांची दुसरी बाजूही पाहा. फिलिस जे या बाई १९५८ ते १९६० या काळात मध्य भारतातल्या वानरांमागे हिंडल्या. वानरीचे पिलू जन्मल्या दिवसापासून कळपातल्या इतर माद्यांच्या हातोहाती फिरते, हे त्यांनी नोंदवले. असल्या जनावराने कुत्र्याचे पिलू उचलले तर ते मारण्यासाठीच उचलले, असे ठरवणारे आपण कोण? उंचावर नेलेले पिलू पडून मरते, उपासाने मरते. त्याला सुडाची गरज लागत नाही.

यावर मला विचारतात, "म्हणजे जनावराला मन नाही म्हणता?" अहो, मन आहे म्हणूनच त्यात आपले मन कोंबू नका, असे म्हणतो! तारेवर बसणारा हिरवा वेडा राघू आपण रोज पाहतो. तो नदीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली त्याच्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस बिळापासून सारख्याच अंतरावर, पण दोन जागी उभा करायचा. एका जागेवरून त्याला बीळ दिसते, दुसऱ्या जागेवरून दिसत नाही. पक्ष्याला मात्र माणूस दोन्हीकडे दिसतो. बीळ दिसणाऱ्या जागी माणूस असला की पक्षी आत जायला कचरतो. म्हणजे समोरच्याला काय दिसते याचा अंदाज तो घेतो! पिंजरा नाही, परदेशी यंत्र नाही. वही, घड्याळ आणि उन्हात उभे राहण्याची तयारी. आणि या पाखराला नाव आपण दिले आहे वेडा.

म्हणून वार्ताहरांना, मास्तरांना आणि माझ्या कादंबरीकार बंधूंना माझे सांगणे आहे. आमचा गुराखी आणि आमचा धनगर जे पाहतात ते तुमच्याहून खरे सांगतात. ते त्यांच्याकडून घ्या, पण त्याला सुडाची, प्रेमाची, शपथेची शेपटी लावून विकू नका. गोष्ट लिहायची तर खुशाल लिहा, फक्त तिला बातमी म्हणू नका. आपली गोष्ट ऐकून कोणाच्या तरी हातात गलोल येते.

आमच्या शाळेत आता एक वही आहे. तिला तीन रकाने आहेत: काय पाहिले, किती वेळ, कोणी पाहिले. 'का' असाही रकाना पोरांनी मागितला. मी म्हटले, आधी शंभर पाने भरू द्या. पहिली नोंद त्याच मुलीच्या हातची आहे: वानरी. मेलेले पिलू पोटाशी. दोन दिवस. पाहणारे, सगळा वर्ग आणि गुरुजी.