बियाणे तगेल, बांधाचे काय?

भात पाण्यात वाढते, पण पूर्ण बुडाले तर मरते. बुडालेले रोप श्वासासाठी झपाट्याने उंच वाढते, त्यात साठवलेले अन्न संपते आणि पाणी ओसरल्यावर ते कोलमडते. ओडिशातील देशी वाणातून निवडलेल्या ‘एफआर १३ए’ या भाताची रीत वेगळी आहे. ते बुडाल्यावर वाढ थांबवते आणि अन्न राखून ठेवते. त्यामागील ‘सब-१ए’ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात संकराने हा गुण उतरवून तयार केलेले ‘स्वर्णा सब-१’ २००९ मध्ये भारतात प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे बुडूनही ते पुन्हा फुटते.

त्याच्या प्रसाराचे मर्म मात्र जनुकापेक्षा साधे आहे. पूर न आल्यास ते स्वर्णाइतकेच पिकते, म्हणून शेतकऱ्याला काही गमवावे लागत नाही. ओडिशातील अभ्यासात दहा दिवस बुडालेल्या शेतात त्याचे उत्पन्न स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळले. सखल जमिनी बहुधा दलितांकडे असल्याने त्यांना लाभ विशेष झाला. पीक हाती लागेल या भरवशावर शेतकऱ्यांनी खतावर अधिक खर्च केला, लावणीही नीट केली. जोखीम घटली की शेतीत पैसा घालण्याची हिंमत येते, हा त्याचा धडा आहे.

गोव्यात हा धडा जसाच्या तसा लागू होत नाही. येथील खाजनांत पुराबरोबर खारे पाणीही शिरते. ‘सब-१’ गोड्या पाण्यातील बुडीत सोसते. क्षार सोसण्याचा गुण त्यात नाही. क्षार सोसणारा ‘कोरगूट’ पूर्वापार येथेच आहे, परंतु तो उंच वाढून आडवा पडतो आणि त्याचे उत्पन्नही बेताचेच असते. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने ‘गोवा धान’ मालिकेतील क्षारसहिष्णू वाण विकसित केले, ते याच उणिवेवर उपाय म्हणून. तरीही ज्याला जया, ज्योती यांची सवय आहे तो केवळ सल्ल्यावर वाण बदलणार नाही. शेजाऱ्याच्या शेतातील पीक, जूनपूर्वी हाती पडणारे शुद्ध बियाणे आणि तांदळाला गिऱ्हाईक यांनीच त्याचा विश्वास बसेल.

खरी कसोटी त्यापुढची आहे. पावसाने खाजनातील क्षार धुऊन निघतो आणि मगच सरदाचे पीक उभे राहते. भरतीचे पाणी अडवण्याचे काम बांध आणि मानस करतात. पूर्वी त्यांची देखभाल गावकरी करत असे. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कूळ संघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. मासळीच्या लोभाने मानस उघडी ठेवली जाते, ही तक्रारही जुनीच. बांध फुटून खारे पाणी महिनोन्महिने साचले, तर कोरगूटही तग धरणार नाही.

म्हणून बियाण्यांच्या पिशव्या वाटण्यापूर्वी सरकारने प्रत्येक खाजनाचा बांध आणि मानस कोणाच्या जबाबदारीत आहे, हे ठरवावे. मानशीच्या लिलावातून येणारा पैसा बांधावरच खर्च व्हायला हवा. सहिष्णू वाण शेतकऱ्याला पंधरा दिवसांची उसंत देईल. त्या पंधरा दिवसांत पाणी बाहेर कोण काढणार, याचे उत्तर बियाण्यात नाही.