लेखकाची माया

'लेखकाची आपल्या पात्रांवर माया असावी लागते' हे वाक्य आपण वर्गात अनेकदा ऐकतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. पण माया म्हणजे नेमके काय? पात्राला संकटातून वाचवणे की त्याच्यासाठी अश्रू ढाळणे? माझ्या मते दोन्ही नव्हे.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू करून त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' लिहायला घेतली, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांना व्याख्यानही झोडता आले असते. त्याऐवजी त्यांनी यमूला तिची कहाणी तिच्याच तोंडाने सांगू दिली. आपण बाजूला होऊन पात्राला बोलू देणे, ही मला मायेची पहिली खूण वाटते.

दुसरी खूण उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) सापडते. कौतिकचे एकही दुःख शेळके हलके करीत नाहीत. पण ते तिला आपल्या दयेवरही जगवीत नाहीत. तिचे राबणे, तिची जिद्द, तिची वऱ्हाडी बोली सारे तिचेच राहते. तिच्या निष्क्रिय नवऱ्यालाही ते निव्वळ खलनायक करून मोकळे होत नाहीत. कोणी म्हणेल, ही तर तटस्थता. असेल, पण माणूस पुरता पाहण्यासाठी जी तटस्थता लागते, ती मायेच्या पोटीच येते.

हे शहाणपण मला उशिरा आले. गेल्या वर्षी मी वसतिगृहाच्या खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या मावशींवर कथा लिहिली आणि शेवटच्या परिच्छेदात त्यांना क्षयाने मारले. मित्रांचे डोळे पाणावले, मी खूश झालो. कुणीतरी ती कथा मावशींना वाचून दाखवली. त्या एवढेच म्हणाल्या, "मला कशापायी मारलंस रं? अजून पोरीचं लगीन व्हायचंय."

मुलीच्या लग्नाचा विषय माझ्या कथेत कुठेच नव्हता. मला तो ठाऊकही नव्हता. दोन वर्षे त्यांच्या हातचे जेवून मी त्यांना कधी काही विचारलेच नव्हते. मला मावशी नको होत्या, त्यांचे मरण हवे होते.

आपल्या अंकांतल्या कथांत विधवा, हमाल, वेश्या पुष्कळ मरतात. लिहिणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे : त्यांना मारण्यापूर्वी एकदा त्यांच्याजवळ बसा. त्यांचे उद्याचे काय बेत आहेत, ते विचारा.