शनिवार, नॅन्ड आणि मी

स्टॅक ओव्हरफ्लोची एरर आली की इतकी वर्षं मी काय करायचो? जेव्हीएमला थोडी जास्त जागा द्यायची, सर्व्हर पुन्हा चालू करायचा. चाललं की विषय संपला. परवा टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, स्टॅक म्हणजे नेमकं काय? मी ताटांची चवड वगैरे सांगून वेळ मारून नेली. तिने मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. (मी मूळचा मेकॅनिकलवाला. तीन महिन्यांत जावा शिकवून प्रोजेक्टवर पाठवलेल्या पिढीतला.)

म्हणून 'नॅन्ड टू टेट्रिस' सुरू केला. नोम निसान आणि शिमॉन शॉकेन या दोघांचा हा कोर्स. त्यांचं पुस्तक २००५ साली आलं, दुसरी आवृत्ती २०२१ साली. हातात एक नॅन्ड गेट आणि एक फ्लिपफ्लॉप देतात. बाकी १६ बिटांचा अख्खा 'हॅक' नावाचा कॉम्प्युटर, असेंबलर, कंपायलर सगळं आपण बांधायचं, सिम्युलेटरवर. पहिले गेट झटपट होतात. एएलयूमध्ये वजाबाकीसाठी वेगळं सर्किटच लागत नाही, उलटापालट आणि बेरीज यातच ती होते, हे कळल्यावर मी एकटाच हसलो. बायकोला वाटलं, झालं याचं!

खरी गंमत आठव्या प्रोजेक्टात. फंक्शन कॉल करताना पाच गोष्टी स्टॅकवर ठेवायच्या: परतीचा पत्ता आणि चार पॉइंटर. परत येताना उत्तर पहिल्या आर्ग्युमेंटच्या जागी लिहायचं. माझा प्रोग्रॅम आर्ग्युमेंट असलं की चालायचा, नसलं की भरकटायचा. दोन शनिवार गेले. मग एका बुधवारी हापिसच्या बसमध्ये ट्यूब पेटली. आर्ग्युमेंटच नसेल तर त्या जागी परतीचा पत्ताच असतो! तो आधी बाजूला काढून न ठेवता मी त्याच्यावरच उत्तर लिहीत होतो. हॅकचा स्टॅक २५६ पासून २०४७ पर्यंत, पुढे हीप. संपला तर कुणी ओरडत नाही, दुसऱ्याचा डेटा मुकाट्याने पुसला जातो. ती जावाची एरर किती भली, हे तेव्हा समजलं.

माझं मत विचाराल तर असा कोर्स रजा टाकून, सलग करूच नये. आठवडाभर डोक्यात कुजत पडलेल्या चुकीला जो वास येतो, तो दोन दिवसांच्या कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये येत नाही. आणि एआयकडून कोड लिहून घ्यायचा असेल तर कोर्स करूच नका, तेवढ्या वेळात सिनेमा बघा. तो पत्ता मला कुणी दोन मिनिटांत सांगितला असता तर मी 'अच्छा' म्हणून पुढे गेलो असतो.

पगार वाढला नाही. मित्र म्हणतो, यापेक्षा क्लाउडचं सर्टिफिकेट घे. त्याचंही अगदीच चूक नाही. शिवाय कॅश, इंटरप्ट, व्हर्च्युअल मेमरी यातलं काहीच या कोर्सात नाही, ते वेगळं शिकावं लागणार.

सोमवारी त्या मुलीला कागदावर पाच चौकोन काढून दाखवले. या वेळी तिने मान डोलावली नाही. म्हणाली, "मग दोन थ्रेड असतील तर स्टॅक किती?"

हॅकमध्ये थ्रेडच नाहीत. म्हटलं, शनिवारनंतर सांगतो.