पगारातले दोनशे रुपये

गेल्या वर्षी सप्टेंबरात एचआरच्या मॅडमनी मला कँटीनच्या रांगेत गाठलं. आमच्या कंपनीत पगारातून देणगी द्यायची योजना आहे, तिची आमच्या मजल्यावरची मोहीम मी चालवावी असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही लोकांशी छान बोलता," असंही म्हणाल्या. सॉफ्टवेअरवाल्याला असं सहसा कोणी म्हणत नाही, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

योजना सोपी आहे. एकदाच फॉर्म भरायचा, यादीतली संस्था निवडायची, रक्कम लिहायची. मग दर महिन्याला तेवढे पैसे पगारातून परस्पर वळते होतात आणि कंपनी त्यात तेवढीच भर घालते. मजल्यावर आम्ही 46 जण. मी मनातल्या मनात हिशेब मांडला: 40 जणांनी महिना 200 रुपये दिले तर वर्षाचे 96,000, कंपनीची भर धरून 1,92,000. दोनशे रुपयांत हैदराबादेत चांगल्या हॉटेलातली बिर्याणीसुद्धा येत नाही हो!

ही युक्ती काही नवी नाही. ब्रिटनमध्ये 1987 पासून पगारातून देणगी द्यायची सोय आहे, आणि तिथे ती कर आकारण्याआधीच बाजूला निघते. पण मला आठवले ते आमचे आजोबा. सिकंदराबादला रेल्वेत होते. पगाराच्या दिवशी आधी मराठी ग्रंथालयाची वर्गणी भरायची, मग घरी यायचं, असा त्यांचा नेम. आजी म्हणायची, "एकदा पैसे माझ्या डब्यात पडले, की मग कसली वर्गणी!" पैसे घरी पोचायच्या आधीच निघाले तर ते गेल्यासारखे वाटत नाहीत, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

दर महिन्याला देण्याचं महत्त्व मात्र मला मोहिमेमुळेच कळलं. यादीतली एक संस्था बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालवते. त्यातली बरीच कुटुंबं नांदेड-लातूरकडची, त्यामुळे मुलं माझ्याशी मराठीत बोलली. तिथल्या बाईंनी सांगितलं, की वह्या, दप्तरं, खाऊ भरपूर येतात. वाढदिवसाला लोक केकसुद्धा घेऊन येतात. अडतं ते दोन शिक्षिकांच्या मानधनाशी. ते दर महिन्याच्या 5 तारखेला द्यावं लागतं, आणि कोणाचा वाढदिवस 5 तारखेच्या बेताने येत नाही.

हे सगळं मी टीमला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी स्लाइड बनवली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कर वाचवा." पहिल्याच बैठकीत एकाने हात वर केला. नव्या करपद्धतीत 80जीची वजावट मिळत नाही, आणि 2023-24 पासून तीच पद्धत मूळ धरली जाते. आमच्यातले बहुतेक जण तिच्यातच आहेत. "मग माझं काय वाचलं?" काहीच नाही. जो जुन्या पद्धतीत आहे त्याला वजावट मिळते, तीही बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्म्यावरच. मी स्लाइड काढून टाकली, पण तोवर चौघेजण उठून गेले होते.

दुसरी चूक जास्त मोठी. आकडा वाढेना म्हणून मी टीमच्या बोर्डावर नावांची यादी लावली आणि ज्यांनी फॉर्म भरला त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका दिला. दोन दिवसांत ठिपकेच ठिपके. मी खूश, एचआर माझ्याहून खूश.

डिसेंबरात टीममधली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. कॉलेजातून बाहेर पडून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. दार लावून घेऊ का, असं तिने विचारलं तेव्हा मला वाटलं राजीनामा असणार. ती म्हणाली, "सर, ते पाचशे रुपये बंद केले तर चालतील का? अप्रेझलवर काही परिणाम नाही ना होणार?" घरी वडिलांचं काम सुटलं होतं आणि भावाची फी होती. पाचशे का लिहिले, म्हणून विचारलं, तर शेजारच्याने पाचशे लिहिले होते म्हणून.

तिचं अप्रेझल मीच लिहिणार होतो. ठिपके मोजणाराही मीच आणि गुण देणाराही मीच, हे तीन महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

2018 च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना महिन्याचा पगार मदतनिधीला द्यायचं आवाहन केलं होतं. ज्याला द्यायचा नाही त्याने तसं लेखी कळवावं, अशी अट होती. त्या अटीला तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. ती बातमी मी तेव्हा वाचली होती, तावातावाने मतही दिलं होतं. सरकारी हुकमाचा जुलूम लगेच दिसतो, आपण लावलेला हिरवा ठिपका दिसत नाही.

त्याच दिवशी यादी उतरवली. मग एचआरशी बोलून तीन गोष्टी बदलून घेतल्या. फॉर्म थेट त्यांच्याकडे जाईल, टीम लीडला नावं कळणार नाहीत. देणगी बंद कशी करायची, हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत असेल. आणि दर तीन महिन्यांनी संस्थेकडून अर्धं पान येईल: पैसे किती आले, कशावर गेले. या शेवटच्या गोष्टीला संस्थेच्या बाई आढेवेढे घेत होत्या, कारण लिहायला माणूस नाही. शेवटी त्या फोनवर सांगतात आणि मी टाइप करतो.

जानेवारीत आकडा 41 वरून 17 वर आला. मॅडमनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण मुख्यालयाला पाठवायच्या तक्त्यात आमचा मजला सर्वांत खाली गेला. मार्चमध्ये पहिलं अर्धं पान आलं. त्यात दोन्ही शिक्षिकांच्या मानधनाचा हिशेब होता आणि तिसरीतला एक मुलगा सोलापूरला परत गेल्याची नोंद. जूनपर्यंत आकडा 23 झाला. ते सहा जण कोण, मला माहीत नाही. ती मुलगी त्यात आहे का, असं विचारायचा मोह एकदा झाला होता.

पुढच्या महिन्यात यंदाची मोहीम आहे. परवा फॉर्मचा नमुना तपासायला आला, तर रकमेच्या चौकटीत आधीच 500 भरून ठेवलेले. मी ती चौकट रिकामी करायला सांगितली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.