आकाशपाळण्याचे साल कोणते?

जत्रेचे दिवस जवळ आले की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील बालगोपाळांना प्रथम आठवण होते ती आकाशपाळण्याची. चैत्री पौर्णिमेस जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला लोक लोटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या गोटमारीला अलोट गर्दी होते. आणि जेथे गर्दी तेथे पाळणेवाला, हा जुना न्याय आहे. मालमोटारीवरून लोखंडी सांगाडा उतरतो, दोन दिवसांत उभा राहतो, रात्री रंगीत दिव्यांनी झगमगतो आणि जत्रा उठली की जसा आला तसा नाहीसा होतो. त्याच्या माथ्यावर आपली पेटी क्षणभर थांबली म्हणजे खालची कौले, माणसांच्या मुंग्या आणि दूरच्या संत्र्यांच्या बागा एका दृष्टिक्षेपात दिसतात. आम्ही या आनंदाचे शत्रू नाही. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढचा मजकूर वाचून आमचे धाकटे वाचक रुष्ट होण्याचा संभव आहे.

गेल्या वर्षी एका जत्रेत (गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आम्ही काही विद्यार्थी असेच पाळण्यात बसावयास गेलो. पेटीत बसल्यावर पोटापुढे जो आडवा दांडा येतो, त्याच्या टोकाची खीळ नव्हती. तिच्या जागी तारेचे दोन वेढे दिलेले होते. आम्ही पाळणेवाल्यांना विचारले, "काका, इथली खीळ कुठे गेली?" ते हसून म्हणाले, "काही नाही होत बेटा, बारा वर्षांपासून फिरून राहिला हा!" त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. ते स्वतः दिवसभर त्या चक्राखालीच उभे होते. आम्हीही बसलो, फिरलो आणि सुखरूप उतरलो. परंतु ते वाक्य मात्र आमच्या मनातून उतरले नाही.

बारा वर्षे काही झाले नाही, म्हणून आजही काही होणार नाही, हा युक्तिवाद माणसाच्या सचोटीविषयी कदाचित चालेल. लोखंडाविषयी तो चालत नाही. कुंपणाच्या तारेचा एक तुकडा घ्यावा आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवीत राहावे. पहिल्या वेळी काही होत नाही, पाचव्या वेळी काही होत नाही, आणि मग एका वेळी, पहिल्याहून अधिक जोर न लावताही, ती तुटते. शेवटच्या वाकवण्याने ती तुटली असे आपण म्हणतो. वस्तुतः ती प्रत्येक वेळी थोडी थोडी तुटतच होती. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. आगगाडीचे भक्कम आस चालता चालता अकस्मात का मोडतात, याचा शोध प्रशियातील रेल्वे-अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच दिशेने घेतला. भार पेलण्याजोगा असला तरी तो असंख्य वेळा चढला-उतरला की धातूत सूक्ष्म भेग पडते, ती हळूहळू वाढते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास बहुधा शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणजे काकांची बारा वर्षे ही पाळण्याच्या बळाची साक्ष नव्हती. तो त्याच्यावर चढलेला हिशेब होता.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, ते जपानमध्ये दिसले. ओसाकाजवळच्या एक्स्पोलँड या करमणूक-उद्यानात ५ मे २००७ रोजी रोलर कोस्टर, म्हणजे रुळांच्या चढउतारांवरून सुसाट धावणारी गाडी, चालू असताना तिच्या एका डब्याच्या चाकाचा आस मोडला. एका तरुणीचा मृत्यू झाला आणि कित्येक प्रवासी जखमी झाले. चौकशीत निघाले की १९९२ साली गाडी सुरू झाल्यापासून त्या पंधरा वर्षांत तो आस एकदाही बदललेला नव्हता, आणि भेगा शोधण्याची त्या वर्षीची तपासणी पुढे ढकलण्यात आली होती. यंत्रविद्येत अग्रेसर अशा देशात हे घडले. ते उद्यान पुन्हा सावरले नाही. पुढे ते कायमचे बंद झाले.

मग जुनी झालेली अशी यंत्रे मोडीत काढावी हाच उपाय काय? आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु जगातील उदाहरणे पाहिली तेव्हा आमचे मत बदलले. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात 'किंग्डा का' नावाचा रोलर कोस्टर २००५ साली उभा राहिला. ४५६ फूट उंचीचा, जगातील सर्वांत उंच! तो २०२४ साली बंद झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. वय अवघे एकोणीस-वीस वर्षांचे. त्याच देशात न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे 'सायक्लोन' नावाचा कोस्टर १९२७ पासून आहे, आणि शंभरीच्या उंबरठ्यावरही तो लोकांना फिरवीत आहे. सांगाडा पोलादाचा, रूळ लाकडी फळ्यांच्या थरांवर बसवलेले. झिजलेली फळी काढावी, नवी घालावी, असे वर्षानुवर्षे चालते. जत्रेत हा दाखला दिला तर आजोबांच्या त्या कुऱ्हाडीची गोष्ट कोणीतरी काढील, जिचा दांडा तीनदा आणि पाते दोनदा बदलले. चेष्टा सोडली तरी तिच्यात तथ्य आहे. तरुण कोस्टर गेला, म्हातारा राहिला. तेव्हा निवृत्ती ठरते ती केवळ वयावरून नव्हे. जुना भाग वेळीच बदलणारा कोणी आहे काय, तो भाग अजून मिळतो काय, आणि बदलण्याचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नातून निघतो काय, यांवरून ती ठरते. बनवणारा कारखानाच उठला म्हणजे त्या मापाचे चाक आणावे कोठून?

कित्येकदा तर यंत्राचा काही दोषच नसतो. दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे चिन्ह असलेल्या हत्तीच्या पिलाचे ते नाव. एका पिढीचे बालपण तेथे गेले. २००८ साली ते बंद झाले, आणि ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी देण्यात आली. मुंबईच्या गोराईचे १९८९ सालचे एस्सेल वर्ल्डही पुढे बंद पडले. शहरात जमिनीचे मोल वाढते आणि पाळण्याचे तिकीट तेवढे वाढू शकत नाही.

निवृत्ती आमच्या सौंसरनेही पाहिली आहे. नागपूर-छिंदवाड्याची अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी मोठी रेल्वे आली. सातपुड्याच्या वळणांतून ती इतक्या संथपणे जाई की उतरून पुन्हा चढता येते असे वडीलधारी मंडळी सांगतात. (सांगणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष उतरलेले किती, हा प्रश्न निराळा.) अनेकांना हळहळ वाटली. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: त्या गाडीच्या निवृत्तीला ठरलेला दिवस होता, ती ठरवणारे खाते होते, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिचा आस कधी तपासला, चाक कधी बदलले, हे कोठेतरी लिहून ठेवणारा माणूस होता.

जत्रेच्या पाळण्याला यांपैकी काय आहे? तो निवृत्त होतच नाही. मोठ्या शहराच्या प्रदर्शनातून तो जिल्ह्याच्या मेळ्यात येतो, तेथून तालुक्याच्या जत्रेत, तेथून खेड्यात. प्रत्येक पायरीला त्याला नवा रंग मिळतो आणि मालकही बहुधा नवा. म्हणजे यंत्र जितके जुने तितके ते आमच्यासारख्या लहान गावाच्या अधिक जवळ येते. शिवाय त्याचे वय वर्षांत मोजणे हीच मुळात चूक. उद्यानातील कोस्टर एकदा रोवला की रोवला. आमचा पाळणा वर्षभर पुनःपुन्हा उभा राहतो आणि मोडला जातो. दर वेळी बोल्ट आवळले जातात, सैल होतात, खिळींची भोके लांबट होत जातात, मालमोटारीतून उतरवताना एखादा दांडा वाकतो व घणाने सरळ केला जातो. त्यात पोळ्याचे दिवस म्हणजे पावसाचे दिवस, आणि आमची जमीन काळी. सकाळी घट्ट वाटलेली माती संध्याकाळच्या सरीनंतर पायाखालच्या लाकडी ठोकळ्यांसह खचते. सर्व भार एका बाजूला गेल्यावर कोणत्या सांध्यावर किती ताण येतो, हे तिकीट फाडणाऱ्याने कसे ओळखावे?

हा धोका काल्पनिक नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे झोके घेणारा पाळणा मोडून पडला आणि माणसे मृत्युमुखी पडली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पंजाबातील मोहालीच्या मेळ्यात उंच चढलेला पाळणा माणसांसह खाली आदळला आणि कित्येक जण जखमी झाले. पहिले ठिकाण उद्यान होते, दुसरे मेळ्याचे मैदान.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला विनोदी आहे: जेथे दरवर्षी एकमेकांवर दगड फेकले जातात, त्या पांढुर्ण्यात पाळण्याच्या खिळीची काळजी कसली? त्यास उत्तर एवढेच की दगड आपल्याकडे येतो हे गोटमारीतल्या माणसाला दिसते. पेटीत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला आसातील भेग दिसत नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. पाळणेवाला गरीब असतो. कुटुंबासह तंबूत राहून गावोगाव हिंडणारा हा माणूस नवा पाळणा आणणार कोठून? त्याचा पाळणा जप्त केला तर त्याची चूल विझेल, आणि तोच पाळणा मोडीच्या भावाने विकला जाऊन आणखी आडगावी फिरू लागेल.

म्हणूनच पाळणे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी लहान आहे. ज्या मालमोटारीतून पाळणा येतो तिला रस्त्यावर धावण्यासाठी योग्यतेचा दाखला लागतो आणि त्यावर तारीख असते. तशीच एक वही पाळण्याचीही असावी. तो कोणत्या साली, कोठे बनला. किती वेळा उभारला. मुख्य आस, पेट्यांच्या खिळी आणि साखळ्या शेवटच्या कधी बदलल्या. कानांस ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून लोखंडातील भेगा शोधण्याची चाचणी कधी व कोणी केली, हे सर्व तिच्यात असावे. पाळणा विकला तर वही नव्या मालकाकडे जावी. जत्रेची जागा देणाऱ्यांनी ती आधी पाहावी, आणि जो पाळणेवाला अशी वही नीट ठेवतो त्याला जागेच्या भाड्यात सूट द्यावी, म्हणजे खिळीचा खर्च त्याच्या पोटावर येणार नाही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्यांत नव्या वह्या उघडल्या जातच आहेत. त्यांत ही एक उघडणे जड जाऊ नये.

त्या दिवशी पाळण्यातून उतरल्यावर आम्ही काकांना आणखी एक प्रश्न विचारला होता: "याचे साल कोणते?" त्यांनी थोडा विचार केला, मग आम्हांस चक्राच्या मागल्या बाजूस नेले. खांबाला तळहाताएवढी एक पत्र्याची पाटी चार रिव्हेटांनी ठोकलेली होती. "यावर लिहून होतं," ते म्हणाले. पाटीवर निळा रंग होता, निळ्याखाली पोपडा निघाला तेथे लाल, लालाखाली पिवळा. आमच्यापैकी एकाने नखाने खरवडून पाहिले. पहिला अंक एक असावा असे वाटले. पुढचे तीन लागले नाहीत. तेवढ्यात घंटा झाली, पेट्या भरल्या होत्या, आणि काका धावत कळीकडे गेले.